उभयतांचा सत्कार

जिने आपले दुखणे लपवण्यात अर्धे आयुष्य घालवले, त्या बाईला त्याच दुखण्याच्या निमित्ताने भरल्या सभेत मंचावर यायला सांगितले, तर ती ‘येते की’ असे का म्हणते? बायडाबाईच्या बाबतीत हा प्रश्न अनेकांनी विचारून पाहिला. भोळेपणा, भीड, उपकाराची जाणीव अशी उत्तरेही सुचवली गेली. त्यांतले एकही पुरे पडत नाही आणि प्रस्तुत लेखनापाशीही वेगळे उत्तर नाही. जिने तिला मंचावर बोलावले, त्या रशिदा पिंजारी या परिचारिकेची हकीकत तेवढी सांगता येते.

रशिदाचे वडील मीरासाब यांचे कोल्हापुरात बिंदू चौकामागच्या बोळात कापूस पिंजण्याचे दुकान होते. दिवाळीच्या आधी पेठांमधून जुन्या गाद्या त्यांच्याकडे येत. गादी उसवली की आतला कापूस घराची बरीच माहिती सांगे. काही गाद्यांचा कापूस मधोमध पिवळा पडलेला, गोळा होऊन दगडासारखा बसलेला असे, आणि उसवताच डोळ्यांना झोंबणारा उग्र वास दुकानभर पसरे. अशा गाद्या लहान मुलांच्याच असत असे नाही. शिसवी पलंगांवरच्या, रेशमी खोळीच्याही असत. मीरासाब त्याविषयी अवाक्षर बोलत नसत. तो कापूस निमूटपणे माळवदावर नेऊन उन्हात पसरत आणि खाली येऊन दुसरे काम हाती घेत. लहानपणी एकदा रशिदाने गिऱ्हाइकांदेखत नाक धरून ही कुणाची गादी म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी तिला आत पिटाळले. गिऱ्हाइके गेल्यावर ते एवढेच म्हणाले, “गादी कुनाची ते इचारायचं न्हाय. आनि ठावं असलं तर इसरायचं.” हे सौजन्य नव्हते, धंद्याची रीत होती. बोलणाऱ्या पिंजाऱ्याच्या दारात पेठेतली गादी दुसऱ्या वर्षी येत नसे.

घरातही एक न बोललेली गोष्ट होती. आई बिबीजान हिने शेवटच्या बाळंतपणानंतर नमाज सोडला. तिची लघवी थांबत नसे. वजू करून, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन, उठेपर्यंत कपडा ओला होई. अशा अंगाने अल्लाहपुढे उभे राहायचे नाही, असे तिने स्वतःच ठरवून टाकले. अशा आजाऱ्याला धर्माने सवलत दिली आहे, प्रत्येक वेळेला नव्याने वजू केला की नमाज अदा होतो, हे तिला कोणी सांगितले नाही, कारण तिने कोणाला विचारले नाही. आणि विचारायचे तर ते मौलवींना, म्हणजे एका पुरुषाला. ती उरलेली वर्षे नमाजाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. सवलतीची गोष्ट रशिदाला कळली ती आईला दफन केल्यानंतर.

परिचारिकेचे शिक्षण संपवून रशिदा शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात रुजू झाली आणि स्त्रियांच्या विभागात तिला तोच कापूस पुन्हा भेटू लागला. अंग बाहेर आलेल्या, अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडलेल्या, खोकला आला तरी कपडा भिजणाऱ्या बाया दुसऱ्याच कोणत्या तरी तक्रारीसाठी येत. पाठ दुखते म्हणत, डोके धरते म्हणत. तपासताना खरे कळले की डॉक्टर वयाकडे बोट दाखवत आणि बाया मान डोलवत. आपल्या दुखण्याला त्यांच्याकडे नावही नव्हते. “माजं धरत न्हाय,” एवढेच त्या म्हणत. काय धरत नाही ते ऐकणारीने ओळखायचे.

१९६८ साली रशिदाने हा विषय जिल्हा परिचारिका मंडळाच्या कार्यकारिणीपुढे ठेवला. बढत्या, गणवेश आणि राहण्याच्या खोल्या यांपलीकडे मंडळाने तोवर फारशी झेप घेतली नव्हती. एकीने लंगोटाचे दुकान काढायचे काय म्हणून विचारले आणि बैठकीत हशा पिकला. तो थांबवला मंडळाच्या अध्यक्षा करुणाबाई चोपडे यांनी. करुणाबाई त्याच दवाखान्याच्या मेट्रन होत्या. अंगाने थोराड, आवाजाने खणखणीत, आणि एकदा मनावर घेतले की मागे न हटणाऱ्या. हसणाऱ्या बाईला त्या म्हणाल्या, “तुझ्या सासूला विचार आज घरी गेल्यावर. मग हस.” त्या बैठकीत मंडळाने आठवड्यातून एक दिवस स्वतःच्या सभासदांकरवी, सुट्टीच्या वेळात, अशा स्त्रियांसाठी तपासणी चालवण्याचे ठरवले. धोब्यांच्या आवारामागची रिकामी खोली करुणाबाईंनी भांडून मिळवली.

त्या खोलीची शिस्त मात्र रशिदाची होती. दारावर पाटी नव्हती. कोल्हापुरातल्या दवाखान्यात माणसाचे नाव, गाव आणि दुखणे अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारायची पद्धत. इथे कोणी कोणाला हाक मारायची नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा. येणारीने धुण्याचे गाठोडे काखेत घेऊन यावे, म्हणजे पाहणाऱ्याला वाटेल की बाई आजारी माणसाचे कपडे धुवायला आली आहे. शिपाई आकाराम याला तर सक्त ताकीद होती, की त्या खोलीत काय चालते हे कोणी कितीही खोदून विचारले तरी ‘मला ठाव न्हाय’ यापलीकडे उत्तर द्यायचे नाही. आकाराम मूळचा भलता बोलका. त्याला ही शिक्षाच होती. पण त्याने ती इमानाने भोगली. आणि प्रत्येक बाईला रशिदा पहिल्या भेटीत एकच वचन देई, “हितलं हितंच ऱ्हाईल.” त्या वचनावर खोली चालत होती. स्नायू आवळण्याचे व्यायाम, ठरल्या वेळी लघवीला जाण्याची सवय, कातडी सोलवटू नये म्हणून घ्यायची काळजी, कपड्यांच्या घड्या, आणि ज्यांना शस्त्रक्रियेने बरे करता येई त्यांना शस्त्रक्रियेला तयार करणे, हे सारे नंतर येत होते. बाया आधी वचनाला भुलून येत आणि मग उपचाराला राहत.

बायडाबाई आली ती चंदगड तालुक्यातून. पहिल्या बाळंतपणात ती चार दिवस अडली. मूल मेलेले जन्मले आणि तेव्हापासून लघवी अखंड गळू लागली. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. माहेरी तिच्या वाट्याला गोठ्याला लागून असलेली खोपी आली. चंदगडच्या पावसात धुतलेले फडके वाळायला चुलीवरच टांगावे लागते. आणि तिची फडकी चुलीवर टांगू द्यायला भावजय तयार नव्हती. त्यामुळे पावसाळाभर ती ओलीवर ओले नेसे. मांड्यांची कातडी गेलेली, चालताना पाय फाकलेले, बोलताना तोंड बाजूला वळवलेले अशी ती रशिदापुढे उभी राहिली, तेव्हा तिचे वय तिशीच्या आतच होते. शस्त्रक्रिया दोनदा करावी लागली. दुसऱ्या खेपेला लघवीची नळी काढल्यानंतर ती सकाळभर खाटेवर बसून होती आणि घटकेघटकेला हाताने अंथरूण चाचपून बघत होती. दुपारी तिने रशिदाचा हात धरून अंथरुणावर ठेवला.

दोन वर्षांनी भावाने तिचा पाट लावून दिला. नवरा ज्ञानू हा जोतिबाच्या डोंगरावर खोबरे, गुलाल आणि नारळ विकणारा बिजवर. स्वभावाने शांत, दुकान बापजाद्यांचे. पहिल्या नवऱ्याने टाकली एवढेच त्याला सांगितले गेले होते. का टाकली ते नाही. बायडाबाई दुकानात बसू लागली, नारळ निवडू लागली, यात्रेला आलेल्या बायांशी चार शब्द बोलू लागली. तपासणीला मात्र ती न चुकता येई, काखेत गाठोडे घेऊन. घरी काय सांगून येते असे रशिदाने विचारले, तेव्हा हसून म्हणाली, “सिस्टरबाई माजी मैतरीन हाय म्हनून सांगते की. खोटं हाय व्हय?”

१९७४ साली मंडळाचे वार्षिक अधिवेशन कोल्हापुरात भरायचे ठरले. तोवर खोलीला सहा वर्षे झाली होती आणि सुट्टीच्या वेळात राबणाऱ्या परिचारिका थकल्या होत्या. या कामासाठी एक कायमचे पद आणि दोन खाटा मंजूर व्हाव्यात, अशी मंडळाची मागणी होती. मंजुरी ज्यांच्या हाती ती मंडळी पाहुणे म्हणून यायची होती. करुणाबाईंचे म्हणणे होते की निवेदने पुष्कळ देऊन झाली, आता लोकांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. बरी झालेली एक बाई मंचावर आणावी, तिची ओटी भरावी, सत्कार करावा. रशिदाने विरोध केला. खोली ज्यावर उभी आहे तेच तुम्ही उपटता आहात, असे ती म्हणाली. करुणाबाईंनी तिला शांतपणे उलट विचारले, “लपवून लपवून किती जणींना पुरशील गं तू? आज आहेस, उद्या बदली झाली म्हणजे?” हा प्रश्न दुष्टपणाने विचारलेला नव्हता. शेवटी तोडगा निघाला, की बाईचे गाव सांगायचे नाही, आडनाव घ्यायचे नाही आणि तिची स्वतःची इच्छा असेल तरच तिला बोलवायचे. इच्छा विचारायचे काम रशिदाकडे आले.

पुढच्या तपासणीला बायडाबाई आली, तेव्हा रशिदाने तिला सगळे नीट सांगितले. सभा मोठी असेल, दुखण्याचा उल्लेख होईल, नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही. बायडाबाईने पदर सारखा केला आणि म्हणाली, “येते की.” रशिदाने पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर.

यानंतर जे घडले त्यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हे नमूद करायला हवे. निमंत्रणांच्या गडबडीत एका ज्येष्ठ सभासदाने शंका काढली, की नवरा हयात असताना बाईचा एकटीचा सत्कार कसा करणार? या भागात सत्कार जोडीने होतो. नवऱ्याला फेटा, बायकोला लुगडे, दोघांत मिळून नारळ. सवाष्ण एकटी पुढे आली तर बघणारा काहीतरी कमी असल्याचे समजतो. करुणाबाईंना ते पटले. शिवाय, अशा बाईला पदरात घेणाऱ्या पुरुषाचा गौरव व्हावा, त्याचे पाहून आणखी चार पुरुष शहाणे होतील, असेही त्यांना वाटले. त्यांनी आकारामला डोंगरावर धाडले. आकारामने ज्ञानूला दुकानात गाठून सांगितले, की तुमच्या मालकिणीचा मोठ्या सभेत सत्कार हाय, जोडीनं या. कशाबद्दल, असे ज्ञानूने कौतुकाने विचारले. आकारामने इतक्या वर्षांची शिस्त पाळली. मला ठाव न्हाय, म्हणाला.

रविवार हा जोतिबाचा वार, डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. तरी ज्ञानूने दुकान चुलतभावाच्या ताब्यात दिले आणि धुवट धोतर नेसून बायकोला घेऊन तो नाट्यगृहात पहिल्या रांगेत येऊन बसला. त्याच्या कपाळावर सकाळचा गुलाल होता. पडद्याआड रशिदा तबक लावत होती. तबकात लुगडे आणि नारळ यांच्या शेजारी फेटा दिसला, तेव्हा तिने तो कोणासाठी म्हणून विचारले, आणि उत्तर ऐकून पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिले. बायडाबाई नवऱ्याच्या शेजारी ताठ बसली होती. ती घाबरलेली दिसत नव्हती. रशिदाच्या मनात आले, की हिने त्याला सांगितले असावे. सांगितल्यावाचून ही अशी बसणार नाही. तेवढ्यावर तिने विश्वास ठेवला. करुणाबाई ध्वनिक्षेपकापुढे उभ्या राहिल्या होत्या आणि तबक घेऊन पुढे व्हायची वेळ झाली होती.

ठरल्याप्रमाणे गाव सांगितले नाही, आडनाव घेतले नाही. उभयतांना मंचावर बोलावले, ज्ञानूला फेटा बांधला गेला, टाळ्या झाल्या. आणि मग करुणाबाईंनी, आवाज भरून येत असताना, ही भगिनी अकरा वर्षे लघवीच्या गळतीने कशी कुजत पडली होती, माणसांनी तिला जनावराच्या शेजारी कशी ठेवली होती आणि या थोर पुरुषाने सारे पोटात घालून तिचा कसा स्वीकार केला, ते सांगितले. सभागृहात बायका डोळे पुसत होत्या. तबक धरून उभ्या असलेल्या रशिदाला ज्ञानूचा चेहरा अगदी जवळून दिसत होता. तो आधी बोलणाऱ्या बाईकडे पाहत होता, नंतर फेट्याचा शेव नीट करत राहिला. टाळ्या पुन्हा झाल्या, पहिल्यापेक्षा जास्त. पाहुण्यांनी तिथल्या तिथे पदाचे आश्वासन दिले.

सभा संपल्यावर रशिदा धावत एस.टी. स्टँडवर गेली. दोघे तिथे उभे होते. ज्ञानूच्या डोक्यावर फेटा तसाच होता. तो चिडलेला नव्हता आणि ती रडत नव्हती. तो चंदगडच्या गाडीची चौकशी करून आला होता. रशिदाने त्याला समजावले, की ही पूर्ण बरी आहे, संसार करते आहे, तुम्ही स्वतःच पाहता आहात. त्याने ऐकून घेतले.

“बाई, ती बरी हाय ते मला ठावं हाय,” तो म्हणाला. “पर माज्या दुकानातला नारळ देवाला जातोय. आता लोकांस्नी बी ठावं झालं की.”

“सभेत डोंगरावरचं कोण होतं? कुणी ओळखलं नाही.”

“फेटा बांधून उभा क्येला न्हवं मला? आनि ओळखायला काय पायजे?”

मग तो बायकोकडे वळला आणि तिचे सामान पाठवून देईन म्हणाला. बायडाबाई मिळालेले लुगडे छातीशी धरून गाडीत चढली. रशिदा खिडकीखाली उभी राहिली.

पद मार्चमध्ये मंजूर झाले आणि त्यावर रशिदाचीच नेमणूक झाली. दोन खाटा आल्या, दारावर पाटी आली, मंडळाच्या अहवालात या यशाला दोन पाने मिळाली. खोलीत बाया मात्र येईनाशा झाल्या. पेठांतून आणि बाजाराच्या गावांतून एक बोलणे फिरू लागले होते: तिथं गेलं की फेटा बांधत्यात. पाणवठ्यावर एखादी बाई शिंकताना अवघडली, तर शेजारीण विचारी, “काय गं, दाल्ल्याला फेटा बांधून आनतीस काय?” हसणाऱ्यांत अशाही बाया असत ज्यांना स्वतःला त्या खोलीची गरज होती, बहुधा त्याच जास्त हसत. रशिदा गावोगाव हिंडली, पाटी काढून टाकावी म्हणून तिने अर्ज दिले. मंजूर विभागाची पाटी काढता येत नाही असे कळवण्यात आले. करुणाबाई एकदा तिच्याजवळ येऊन बसल्या. “माझं चुकलं काय गं?” असे त्यांनी विचारले. दोघींचे बोलणे त्यानंतर कामापुरते उरले.

जुलैत रशिदा चंदगडला गेली. बायडाबाई त्याच खोपीत होती. शिवण टिकली होती, कपडे कोरडे होते, पाय सरळ पडत होते. भावजयीने जागा मात्र जुनीच दिली होती. बरी झाली तरी काय, साऱ्या मुलखाला कळलंय, असे भावजय दारातूनच बोलली. रशिदाने तपासणी केली, सारे ठीक असल्याचे सांगितले आणि मग जे विचारायला ती आली होती ते विचारले, की घरातून निघण्याआधी नवऱ्याला का सांगितले नाहीस?

बायडाबाईने पावसाकडे पाहिले. “टाळ्या लई वाजल्या न्हवं, बाई?” ती म्हणाली. “माज्या दोनी लग्नांत मिळून तेवढी मानसं न्हवती.”

याचा अर्थ काय लावायचा ते रशिदाला कळले नाही. तिने परतीच्या गाडीत तो लावून पाहिला आणि पुढेही पुष्कळदा लावून पाहिला. ज्ञानूने दुसऱ्या वर्षी तिसरे लग्न केले. मंडळाच्या पुढच्या अधिवेशनात या विभागाचा उल्लेख भूतकाळातल्या कामगिरीत झाला, आणि त्याला कोणी हरकत घेतली नाही.

१९८१ च्या जूनमध्ये, रुग्ण नसल्याच्या कारणावरून, ते पद आणि दोन्ही खाटा प्रसूती विभागाकडे वर्ग करण्यात आल्या.